चाचपलेलं पाखरू

आयव्हरनं एकदा चाचपलेलं पाखरू आमच्या खोऱ्यात दुसरं कुणी चाचपून बघत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता. पाद्र्यानं वाचून दाखवलेली ओळ आपण घरी जाऊन ताडून बघतो का, तसंच ते. बदकांचा हंगाम लागला की खालच्या तीन-चार कुरणांवरची माणसंसुद्धा आपापली कुत्री आणि कुत्र्यांनी तोंडात धरून आणलेली बदकं घेऊन आमच्या आवारात यायची. आयव्हर पाखरू डाव्या तळहातावर उताणं घ्यायचा. अंगठा छातीच्या हाडावर, चार बोटं पंखाखाली, आणि डोळे मिटलेले. निजलेल्या लेकराच्या केसांतून आईचा हात फिरावा तशी त्याची बोटं बरगड्यांवरून फिरायची. मग डोळे उघडायचे आणि एकच शब्द यायचा. ‘अख्खं.’ किंवा ‘दाबलंय.’

अख्खं म्हणजे कुत्र्याचं तोंड मऊ. दाबलंय म्हणजे तोंड जड. असा कुत्रा पाखरू उचलताना दातांना आवरत नाही, बरगड्या मोडतो, मांस नासवतो. आणि जड तोंड रक्तातून उतरतं, असं आयव्हर म्हणायचा. त्याच्या दावणीची काळी लॅब्रॅडॉर कुत्री पार समुद्रकाठापर्यंत नावाजलेली होती, ती याच एका गोष्टीवर. जड तोंडाचं पिल्लू निघालं तर तो ते विकत नव्हता, फुकट देत नव्हता. लोकरीच्या शेडमागं घेऊन जायचा आणि एकटाच परत यायचा.

आयव्हर माझा सासरा. मी या घरात आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी समुद्रकाठच्या गावातली, बेकरीवाल्याची मुलगी. डोंगरातल्या माणसांच्या लेखी पिठाच्या हातांची. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आयव्हर, माझा नवरा हेक्टर आणि मी. डोंगरात मेंढ्या राखायला हेनारे नावाचा माणूस होता. वीस वर्षं तो आमच्याच कुरणावर, त्यामुळं घरच्यासारखाच, आणि जिभेला हाड नसलेला.

किप माझ्या हातात आला तो मुठीएवढा. त्याची आई बाळंतपणातच गेली. सात पिल्लांतली चार जगली. तीन दुसऱ्या एका कुत्रीनं पोटाशी घेतली, चौथं तिनं नाकानं लोटून दिलं. ते मी चुलीमागं, लोकरीच्या फाटक्या पोत्यात वाढवलं. बोळ्यानं दूध पाजलं. महिन्याभरात ते माझ्या पायांत घोटाळायला लागलं, आणि चार महिन्यांत मी त्याला अंडं उचलायला शिकवलं. कोंबड्यांच्या खुराड्यातून स्वयंपाकघरापर्यंत, पायरीवरून उडी मारून, अंडं जसंच्या तसं. सुरुवातीला सात-आठ फुटली. मग एकही नाही. त्याच्या पुढं पुढं चालत मी मनाचंच काहीतरी गुणगुणायचे:

दातांच्या दारात
जिभेचा बिछाना
त्यावरी ठेव ना
जीव लेका

तो शेपूट हलवत, तोंड वर करून, अंड्यासह माझ्या मागं यायचा. डोळ्यांत इतकी काळजी, की बघणाऱ्याला हसू यावं.

आयव्हरनं एकदा हे पाहिलं. दारात उभा राहून शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, “अंडं फडफडत नाही, पोरी.”

त्या वर्षी शरदात डोंगरावरून मेंढ्या खाली आणताना हेक्टर घोड्यावरून पडला आणि त्याचा खांदा निखळला. बंदुकीचा दणका सोसायचा नाही, असं डॉक्टर म्हणाला. बदकं टिपायच्या लपणातली एक जागा रिकामी झाली. वर, दोन कड्यांच्या बेचक्यात, आमचं एक तळं आहे. त्याच्या काठाला विलोच्या फांद्या, गंजके पत्रे आणि वाळलेलं गवत रचून आयव्हरच्या बापानं लपण बांधलं होतं. आम्ही त्याला माईमाई म्हणतो. त्या माईमाईत तोवर कुठली बाई बसली नव्हती. बायकांनी चहा भरून द्यायचा, दुपारी पाखरं सोलायची, आणि जेवताना तोंडात छर्रा आला तर हसायचं.

किप माझंच ऐकायचा, म्हणून आयव्हरनं मला घेतलं. आधी मला समोर बसवून त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली किपची. हा हंगाम त्याची परीक्षा. उतरला तर राहील, त्याची पिल्लं होतील आणि तो माझ्या नावावर राहील. या घरात सुनेच्या नावावर कुत्रा आजवर झालेला नव्हता. नाही उतरला, तर काय होतं ते मला माहीत होतं. दुसरी गोष्ट माझी. कुत्र्यानं जिवंत पाखरू आणलं तर तिथल्या तिथं त्याची मान पिरगाळायची, एका हिसक्यात, त्याला वाट बघायला लावायची नाही. जमेल का, असं त्यानं विचारलं.

मी म्हणाले, जमेल. आमच्याकडं कोंबड्या होत्या.

कोंबड्या होत्या हे खरं होतं. त्यांच्या माना आई पिरगाळायची, आणि मी तेव्हा घरामागं जाऊन उभी राहायचे, हे मी सांगितलं नाही.

मे गेला, जून गेला. पृथ्वीच्या या खालच्या टोकाला जुलै म्हणजे ऐन कडाका. तळ्याच्या कडेनं बर्फाची पापडी धरायची, कड्यांवर बर्फ गुडघ्याएवढा, आणि पहाटे श्वास घेतला तर नाकातले केस ताठ व्हायचे. किप चांगला चालला होता. शिट्टीवर बसायचा, हात दाखवीन तिकडं पोहायचा. आठ-नऊ पाखरं त्यानं आणली, सगळी मेलेली आणि सगळी अख्खी. हेनारे मला चिडवायचा, की माईमाईत बाईमाणूस आल्यापासून बदकं भांग पाडून येतात. त्यावर आयव्हर त्याला म्हणायचा, “आणि तुझं थोबाड बघून पळून जातात, ते बघ आधी.” एवढं बोलणं झालं की पुन्हा शांतता. ती शांतता मला आवडायला लागली होती. तीन माणसं, एक कुत्रा, गवताचा वास, आणि पाण्यावर लाकडाची रंगवलेली बदकं डुलताहेत.

हंगामाचे दोन शनिवार उरले होते. त्यातल्या पहिल्या शनिवारी आयव्हरनं एक नर बदक टिपलं, हिरव्या डोक्याचं. ते पडलं नाही, तिरकं तरंगत पलीकडच्या टोकाला काटेरी झुडपांत उतरलं. मी आणि किप तळ्याला वळसा घालून गेलो. गवत इतकं गोठलेलं, की पायाखाली काच वाजावी तसं वाजत होतं. किप झुडपात शिरला आणि थोड्या वेळानं मागं मागं सरकत बाहेर आला. तोंडात बदक. जिवंत. मान ताठ, डोळा उघडा, एक पीस इकडचं तिकडं झालेलं नाही. फक्त एका पंखाचं टोक लोंबत होतं. त्यानं ते माझ्या हातांत असं दिलं, जसं अंडं द्यायचा.

कुत्र्याची याहून मोठी परीक्षा नसते. आयव्हरनं ते तसंच पाहिलं असतं तर त्याच क्षणी किप माझा झाला असता. पण तो आणि हेनारे तळ्याच्या दुसऱ्या बाजूला, पत्र्यांच्या आड होते.

मी मान धरली. बोटं गारठलेली. पिरगाळली, पण हिसका बसला नाही. पिसं नुसती बोटांतून फिरली आणि बदक ओरडलं. पुन्हा धरली, पुन्हा तेच. आता त्याचं ओरडणं पाण्यावरून पलीकडं जाणार, आणि आयव्हरला कळणार की हिला येत नाही, कोंबड्यांचं हिनं खोटं सांगितलं. एवढंच डोक्यात होतं. मी ते गोठलेल्या जमिनीवर ठेवलं, त्याच्या छातीवर गुडघा दिला आणि अंगाचा सगळा भार टाकला. काठावरची बर्फाची पापडी मोडावी तसा आवाज आला, एकदा, मग बारीक बारीक दोन-तीनदा. मग ते थांबलं.

किप जवळच बसून बघत होता. मान एका बाजूला कललेली.

परत आल्यावर हेनारेनं विचारलं, इतका उशीर का. मी म्हणाले, काटे होते.

घरी आल्यावर आवारात आयव्हरनं त्या दिवसाची चार बदकं ओळीनं चाचपली. पहिलं अख्खं. दुसरं अख्खं. तिसरं ते होतं. ते त्यानं तळहातावर घेतलं, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्याचे डोळे मिटले, मग उघडले. त्यानं पाखराकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

“दाबलंय,” तो म्हणाला.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, ते मी केलं, गुडघ्यानं. एवढंच. किप माझ्या बुटावर डोकं ठेवून पडला होता, आणि सकाळच्या पाण्यानं त्याचं अंग अजून वाफाळत होतं.

आयव्हर म्हणाला, एक पाखरू ही चूक असते, दोन पाखरं ही खोड. पुढच्या शनिवारी बघू. त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट तो त्या दिवशी जरा खुशीत असल्यासारखा वाटला. शिट्टी वाजवतच आत गेला. तेव्हा मला ते फार लागलं होतं.

रात्री मी हेक्टरला सगळं सांगितलं. तो दुखऱ्या खांद्याला शेक घेत होता. मग म्हणाला की आता सांगू नकोस. बाप एक वेळ चूक विसरेल, पण खोटं विसरणार नाही. पुन्हा कधी तुला माईमाईत घेणार नाही. आणि किपचं काय बिघडतंय? त्याचं तोंड मऊ आहे हे तुला माहीत आहे. शनिवारी तो आणील अख्खं पाखरू, आणि हे आपोआप पुसलं जाईल.

बोलणं रास्त होतं. रास्त होतं म्हणूनच मी ते धरून बसले. आठवडाभर रोज सकाळी किपकडून अंडं आणवलं. सहा दिवस, सहा अंडी. एकालाही साधा तडा गेला नाही. सहाव्या दिवशी मी ते अंडं घेऊन आयव्हरच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. सांगायलाच गेले होते. आत तो कोटाच्या बटणांशी झटापट करत बसला होता. मला बघून वैतागला, काय आहे म्हणून खेकसला. मी म्हणाले, काही नाही, नाश्ता झालाय.

शेवटचा शनिवार उजाडला तो वारा पडलेला, आभाळ शिशासारखं. बदकं उंचावरून जात होती, उतरत नव्हती. दोन तासांत एकही बार झाला नाही. हेनारे कुरकुरायला लागला, की शेवटच्या दिवशी बदकांचीही सुट्टी असते, आपणच तेवढे गाढव. आणि मग ती जोडी आली.

आमच्याकडं एक मोठं बदक असतं. मादीचं डोकं शुभ्र, नराचं काळं. ती कायम जोडीनंच फिरतात, जोडीनंच ओरडतात, तो खर्जात आणि ती वरच्या सुरात. लांबून ऐकलं तर शेताच्या दोन बांधांवरून नवरा-बायको भांडताहेत असं वाटतं. ती दोघं कड्यावरून खाली आली, आणि आयव्हरनं नराला टिपलं. तो पाण्यात पडला, पण मेला नाही. एका पंखानं पाणी बडवत तळ्याच्या मधोमध गोल गोल फिरायला लागला. मादी वर चढली, वळली आणि त्याच्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली. हेनारेनं तिच्यावर बंदूक रोखली, पण ती टप्प्यात येत नव्हती.

मी किपला सोडलं.

कडेची बर्फाची पापडी फोडत तो गेला. ते पाखरू त्याच्या अर्ध्याएवढं होतं. त्यानं पहिल्यांदा तोंड घातलं तेव्हा पंखाचा असा फटका बसला, की किपचं डोकं पाण्याखाली गेलं. वर आला, पुन्हा गेला. दुसरा फटका डोळ्यावर. मी काठावर उभी होते. कुत्रं चावतं ते अशाच वेळी. रागानं नाही, भीतीनं. तिसऱ्यांदा त्यानं बाजूनं, खालून धरलं आणि वळला. ते पाखरू सगळी वाट त्याच्या तोंडावर पंख मारत होतं, आणि तो डोळे बारीक करून, मान उंच धरून पोहत होता.

काठाला लागला तिथं आयव्हर उभा होता. किपनं पाखरू त्याच्याजवळ दिलं. आयव्हरनं मान पिरगाळली. मनगटानंच, काखेत दाबून. मग ते तळहातावर उताणं घेतलं आणि डोळे मिटले. वर मादी ओरडत होती. किप पाणी झटकत होता, त्याचा डावा डोळा सुजायला लागला होता.

“हेही दाबलंय,” आयव्हर म्हणाला.

मग मी बोलले. सगळं, एका दमात. पहिलं पाखरू किपनं जिवंत आणलं होतं, एक पीस हललं नव्हतं, मला मान पिरगाळता आली नाही, मी गुडघा दिला, कोंबड्यांचं खोटं सांगितलं. हेनारेनं बंदूक खाली केली. आयव्हर ऐकत होता. त्याच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला, आणि मला वाटलं, पटलं.

“आज सांगतेस?” तो म्हणाला. “आठ दिवस काय करत होतीस?”

मी म्हणाले, भ्याले.

“आणि हे?” त्यानं हातातलं पाखरू माझ्यापुढं धरलं. “हेही तूच दाबलंस?”

पाखराचे पंख लोंबत होते. छातीवर रक्त होतं, छऱ्याचं की दातांचं कोण सांगणार. माझा हात कोटाच्या खिशात होता. फार तर दोन हात अंतर. हात पुढं करायचा, पंखाखाली बोटं घालायची आणि बघायचं. तो माझ्यापुढं पाखरू धरून उभाच होता. पण आयव्हरनं चाचपलेलं पाखरू कुणी चाचपत नाही. हात खिशातच राहिला. मी मनात म्हणाले, इतके फटके खाल्ले बिचाऱ्यानं, चावला असेल.

हेनारे मधे पडला. म्हणाला, “कुत्रा मला द्या, म्हातारबा. मेंढरांमागं पळेल. तिथं तोंड कोण बघतंय?”

आयव्हर म्हणाला, “माझ्या दावणीचं नाव लावून तुझ्या मेंढरांमागं?” आणि मग, जरा हलक्या आवाजात, “दोन झाली, हेनारे. मी बोललो होतो.”

घरी आल्यावर त्यानं किपला दोरी लावली नाही. लावायची गरजच नव्हती. हातात रायफल दिसली की किपला वाटायचं, अजून एक फेरी आहे. सुजलेला डोळा मिटून, शेपूट हलवत, तो म्हाताऱ्याच्या पुढं पळाला. शेडच्या कोपऱ्यावर थांबून त्यानं मागं पाहिलं, आपण बरोबर वाटेवर आहोत ना म्हणून. हेक्टर माझ्या शेजारी उभा होता. त्यानं चांगल्या हातानं माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

आवाज एकच झाला.

दुपारी मी पाखरू सोलायला बसले. दुसरं काय करणार? त्या दिवशी एकच पाखरू होतं, आणि ते उद्या जेवायला लागणार होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून मी पिसं उपटत होते. काळी, करडी, पंखाखाली तांबूस. हाताला सवय झाली होती, डोळे दुसरीकडंच होते. छाती उघडी झाली. छऱ्याची दोन भोकं मानेच्या बुडाशी, एक पंखाच्या खांद्यात. रक्त तिथूनच ओघळलेलं. मी बाजूची पिसं काढली आणि बोट पंखाखाली गेलं.

बरगड्या अख्ख्या होत्या.

मी हात काढला, पुसला, पुन्हा घातला. डावी बाजू. उजवी बाजू. कंगव्याच्या दातांसारख्या एकाला एक लागून, एकही हललेली नाही. कातडीवर दाताचा साधा वळ नाही. सगळ्या तळ्यात फटके खात त्यानं हे पाखरू जिभेवर आणलं होतं.

आयव्हर लोकरीच्या शेडमध्ये, लोकर निवडायच्या मेजाशी बसला होता. फावडं दाराला टेकवलेलं, त्याला ओली माती. मी ते सोललेलं पाखरू त्याच्यापुढं मेजावर ठेवलं.

“चाचपा,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग पाखरू घेतलं. अंगठा हाडावर, चार बोटं पंखाखाली. सगळं नेहमीसारखं. डोळे मिटले. बोटं पुढं गेली, मागं आली, पुन्हा पुढं गेली. मी उभी होते. बाहेर हेनारेच्या कुत्रीनं दोनदा भुंकून घेतलं. आयव्हरची बोटं थांबली, पण डोळे उघडेनात.

“काय लागतंय?” मी विचारलं.

त्यानं पाखरू मेजावर ठेवलं.

“काही लागत नाही गं.”

पंचेचाळीस वर्षं मेंढ्या कातरायचं थरथरतं यंत्र धरून त्याच्या बोटांतली जाण गेली होती. एकदम नाही, करंगळीपासून सुरुवात होऊन. दोन हिवाळे झाले, काहीच कळत नव्हतं. चहाचा कप गरम आहे की गार, हेसुद्धा ओठाला लावल्यावर कळायचं. कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं तो कुत्र्याच्या जातीवरून, मालकाच्या तोंडावरून अंदाज करून ‘अख्खं’ म्हणत आला होता. बहुतेक पाखरं अख्खीच असतात, त्यामुळं चुकला नव्हता. हे सगळं त्यानं मेजाकडं बघत, थांबत थांबत सांगितलं.

“मग गेल्या शनिवारी?” मी म्हणाले. “ते तर खरंच मोडलेलं होतं. ते कसं कळलं?”

“ते हातात पोत्यासारखं लोळलं. मला वाटलं काहीतरी. तुझ्याकडं पाहिलं, तर तुझं तोंड उतरलेलं. म्हणून बोललो.” तो थांबला. “वाटलं, तू काही बोलशील. म्हणशील, नाही, नीट बघा. तू गप्प बसलीस. म्हटलं, म्हणजे खरंच मोडलंय. म्हणजे बोटं अजून खरी आहेत.”

त्या दिवशी तो शिट्टी वाजवत आत गेला होता.

“आज मला लागलं होतं, नेटा,” तो म्हणाला. “देवाशपथ, आज मला बरगड्या मोडलेल्या लागल्या होत्या.”

त्यानं पाखरू दोन्ही मनगटांत धरून माझ्याकडं सरकवलं. मी ते घेतलं. रडायचं कुणी आधी, असा जणू आमच्यात प्रश्न होता. कुणीच रडलं नाही. घरात येऊन मी त्याच्या पोटात कांदा आणि पावाचा चुरा भरला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, खालच्या सभागृहात हंगामाचं शेवटचं जेवण होतं. दरवर्षी असतं. घराघरांतून बदकं भाजून येतात, बटाटे, भोपळा, सफरचंदाची खीर. लांब मेजावर आम्ही तिघं एका टोकाला बसलो होतो, समोर हेनारे. बातमी कधीच पसरली होती. लोक जाता-येता माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढं जात होते. एकानं आयव्हरच्या मांडीवर कालचं, न सोललेलं एक बदक आणून ठेवलं, हसत हसत, जरा बघा हो आमच्या कुत्रीनं आणलेलं, म्हणून. आयव्हरनं ते हातात घेतलं. डोळे मिटले.

“अख्खं,” तो म्हणाला. तो माणूस खूश होऊन गेला.

हेनारे बघत होता. त्याचे डोळे आयव्हरच्या हातांवरून माझ्याकडं आले. काटा खाली ठेवून तो पुढं वाकला.

“नेटाबाई, काल तळ्यावर तू म्हणालीस ते. पहिलं पाखरू तू दाबलंस म्हणून.” आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. “ते खरं का?”

शेजारची दोन-तीन माणसं बोलायची थांबली. हेक्टर ताटात बघत होता. आयव्हरचे हात मेजाच्या कडेवर होते, कुणीतरी तिथं विसरून गेल्यासारखे.

पहिलं पाखरू माझं म्हटलं, की दुसऱ्याचं कुणीतरी विचारणार. ते कुणी सोललं, काय दिसलं, हे विचारणार. मग या माणसाकडं काय उरणार? घर मुलाचं, डोंगर मेंढ्यांचा. त्याचं म्हणून होतं ते या दहा बोटांवरचं नाव. आणि किप शेडमागं होता, तो कशानंच परत येणार नव्हता. असं मी मनात म्हणाले. पण हेही खरं, की इतक्या लोकांसमोर ‘गुडघा दिला’ हे शब्द मला उच्चारवत नव्हते. म्हाताऱ्याला वाचवलं की स्वतःला, हे आजपर्यंत मला ठरवता आलेलं नाही.

“खोटं बोलले,” मी म्हणाले. “कुत्र्याला वाचवायला.”

हेनारे माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्यानं काटा उचलला. म्हणाला, “मलाही तेच वाटलं. पण बिचारा दिसायला बरा होता. दोन पाखरं दाबेल असं वाटलं नव्हतं.”

“दाबली ना,” मी म्हणाले.

शेजारची माणसं पुन्हा बोलायला लागली. पुढच्या वर्षी हेक्टरचा खांदा बरा होईल, मग माईमाईत कोण बसणार, असं कुणीतरी विचारलं. आयव्हर वर न बघता म्हणाला, “नेटा बसेल. तिची जागा आहे.” आणि मनगटानं ढकलत ढकलत त्यानं भाजलेल्या बदकाचं ताट माझ्यापुढं आणलं. मी एक तुकडा घेतला.